हात थरथरतात म्हणून

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. चावीची, जुनी, बायकांची नखाएवढी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मी भाजी चिरते, पण कान सगळे पलीकडे. तिथल्या शंभर टिकटिकींतूनही यांच्या छातीतली शिट्टी मला बरोबर ऐकू येते.

दमा आहे यांना. डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिलेत. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि चुळा भरायच्या, म्हणजे छाती मुळात बिघडतच नाही. निळा दम लागला तर. त्याने लगेच मोकळं वाटतं, पण नंतर थोडा वेळ यांचे हात थरथरतात. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणाऱ्याचे हात थरथरले म्हणजे झालंच कल्याण. म्हणून दुकान उघडं असेपर्यंत निळ्याला हात लावायचा नाही, असं यांनी ठरवलं. आणि पंप तो पंप, म्हणून तपकिरी पार बंदच केला. धन्य.

"अहो, तपकिरीने नाही थरथरत हात. बाई सांगून सांगून थकल्या."

"तुला काय कळतंय? गिऱ्हाइकाने एकदा हे हात पाहिले की संपलं. यांच्याच्याने आता होत नाही म्हणतील आणि घड्याळ दुसरीकडे देतील."

आठ महिने हेच. मला एका जागी बसवेना. घास तोंडात असताना मी उठायचे, पडदा सरकवायचे. "काय आहे?" हे विचारायचे. "पाणी हवंय का?" मी म्हणायचे. शेजारीण हसायची, पायाला भिंगरी लागलीय म्हणायची. तिला काय जातंय हसायला.

परवा चार वाजता शिट्टी एकदम वाढली. मी धावले. हे टेबलावर ओणवे, खांदे कानाशी आलेले, डोळ्याला भिंग तसंच. चिमटा काही सोडला नव्हता.

"पाच... वाजता... द्यायचंय," एकेक शब्द तोडत म्हणाले.

मी निळा पंप तोंडापुढे धरला. यांनी मान फिरवली. "हात..."

"थरथरू देत ना. थरथरणारा हात मला चालेल, गार पडलेला नको. ओढा."

माझ्याकडे बघितलं आणि ओढला. थांबून थांबून चार वेळा. तोवर मी बाईंना फोन लावला. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर सरळ घेऊन या, म्हणाल्या. मी चप्पल घालून, रिक्षावाल्याला सांगून दारात उभी. पण पडला उतार, हळूहळू. हात मात्र चांगलेच थरथरत होते.

पाचला ती घड्याळवाली बाई आली. मला वाटलं, हे आत निघून येतील आणि मला काहीतरी थाप मारायला लावतील. यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले, तिच्या डोळ्यांदेखत.

"झालं नाही अजून. दमा आहे मला. औषध घेतलंय, त्याने हात थरथरतायत. उद्यापर्यंत वेळ द्या मला."

मी पडदा मुठीत घट्ट धरला होता.

"बरं," ती म्हणाली. "उद्या ऑफिस सुटलं की येते." आणि गेली.

एवढंच. एवढ्यासाठी आठ महिने माझा जीव टांगणीला लावला होता या माणसाने. मी इतकी चिडले की मला रडूच आलं.