बसऱ्याची लढाई कुठून सुरू झाली

लग्न होऊन मी भाईंदरच्या नवघरला आले तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. भाईंदर पूर्वेला स्टेशनाजवळची थोडी दुकानं सोडली तर बाकी शेतं आणि मिठागरंच. मी रत्नागिरीला इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. वर्षभरात इथल्या एका शाळेत नोकरी लागली आणि मला नववीचा इतिहास मिळाला. घरात आम्ही तिघंच. माझे यजमान, मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेले, पाठीत ताठ, बोलायला कमी. तरुणपणी ते बोटीवर होते, एवढंच मला कळलं होतं.

वर्गात उभं राहायची मला धास्ती वाटायची. म्हणून रविवारी सकाळी भाकऱ्या करता करता मी पुढच्या आठवड्याचा धडा मोठ्याने म्हणून बघायची. त्या रविवारी पहिल्या महायुद्धाचा धडा होता. आबा दारात बसून नारळ सोलत होते.

"साराजेव्हो शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या पत्नीवर गोळ्या झाडण्यात आल्या," मी म्हणाले, "आणि युरोपात युद्धाचा भडका उडाला."

"ही कुठली लढाई गो?" आबांनी विचारलं.

"पहिलं महायुद्ध, आबा. चौदा सालचं."

त्यांनी नारळ खाली ठेवला. "चौदा सालची? म्हंजे आमचीच की ती!"

मी पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आले. तेव्हा पहिल्यांदा समजलं की माझे सासरे त्या युद्धात इराकातल्या बसऱ्याला गेले होते. तिथल्या नदीतून जखमी सैनिकांना खाली आणणाऱ्या बोटीवर ते खलाशी होते. त्यांचा थोरला भाऊ आधी त्या बोटीवर लागला, मागोमाग हे. भाऊ परत आलाच नाही.

"पन्नास वर्षं होऊन गेली," आबा म्हणाले, "पण ती लढाई लागली कशापायी, ते आमाला कुनी सांगितलंच नाय. आये मरेपर्यंत विचारायची, माझा पोरगा कशात गेला? मी काय सांगनार? आता तू सांग. हळू सांग."

मी त्यांच्यापुढे बसले. सांगितलं की ज्याने गोळ्या झाडल्या तो विशीसुद्धा न गाठलेला पोरगा होता, त्याला आपल्या लोकांवरचं ऑस्ट्रियाचं राज्य नको होतं. तो पोरगा सर्ब, म्हणून ऑस्ट्रियाने शेजारच्या सर्बियाला दोषी धरलं.

"मंग?"

"सर्बियाच्या पाठीशी रशिया उभा राहिला. ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी."

"मंग?"

"रशियाचा फ्रान्सशी करार होता. जर्मनीला फ्रान्सवर जायचं होतं, म्हणून तो मधल्या बेल्जियममध्ये घुसला. बेल्जियमच्या रक्षणाचा शब्द इंग्रजांनी दिलेला, म्हणून इंग्रज उतरले. पुढे तुर्क जर्मनीच्या बाजूने आले. बसरा तुर्कांचा, आणि त्याच्या शेजारी इंग्रजांचं तेल."

"आनि इंग्रजांचे आमी," आबा म्हणाले. मग त्यांनी नारळ पुन्हा हातात घेतला. मला वाटलं संपलं. मी उठणार तोच त्यांनी विचारलं, "तो युवराज मेला, तवापासून पयली तोफ उडेपर्यंत दिवस किती गेले?"

मला पुस्तक बघावं लागलं. "एक महिना, आबा."

"महिना?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मंग रागानं नाय झाली ही लढाई. राग महिनाभर ऱ्हातो काय? त्यांना लढायचं होतंच. मुडदा नुसता गावला."

मी बी.ए.ला हाच विषय घेऊन पास झाले होते. युद्धाचं कारण वेगळं आणि निमित्त वेगळं, हे परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण तो एक महिना माझ्या कधी डोळ्यात भरला नव्हता. चौथी शिकलेल्या माणसाने तो एका प्रश्नात पकडला.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना विचारलं, सासऱ्यांना वर्गात आणू का? "अभ्यासक्रमात बसत नाही बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, धडा तोच आहे, फक्त माणूस त्यातला आहे." एक तास मिळाला, पण ते स्वतः मागे बसणार होते.

इथे एक कबूल करते. आदल्या संध्याकाळी मी आबांना म्हणाले, "वर्गात जरा शुद्ध बोला हं. नाय-फाय नको." ते "बरं" म्हणाले. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

आबा धुवट सदरा आणि टोपी घालून आले. बसायला खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले. खिशातून एक पदक काढून त्यांनी पहिल्या बाकावर ठेवलं. "हातात घ्या. फिरवा सगळीकडं. त्यावर राजाचा मुखडा हाय. त्याला मी कदी बघितला नाय, त्यानं मला नाय."

मुलं हसली. मी मात्र चोरून हेडमास्तरांकडे पाहिलं.

आबा आपल्याच बोलीत बोलत गेले. नदी इतकी उथळ की बोट रुतायची, मग खलाशांनी पाण्यात उतरून ढकलायची. डेकवर दाटीवाटीने पडलेली माणसं, वर फाटकं कापड, माशा इतक्या की पाणी पाजताना भांड्यावर हात धरावा लागायचा. आपले, इंग्रज, पकडलेले तुर्कसुद्धा. "पानी मागताना सगळ्यांचा आवाज एकच येतो," ते म्हणाले. भाऊ तापाने गेला तेव्हा बोट काठाला लावली. जाळायला लाकूड नव्हतं, म्हणून आबांनी वाळूत खड्डा खणून त्याला पुरलं. भावाचं नाव त्यांनी पूर्ण उच्चारलं, बापाच्या नावासकट, गावाच्या नावासकट. 

तिसऱ्या बाकावर कोळीवाड्यातली एक मुलगी बसायची. वर्गात बोलायला लाजायची, कारण तिच्या "हाय-न्हाय"ला बाकीच्या पोरी हसत. ती उठून उभी राहिली. "आजोबा, लढाई का लागली ते ठावं न्हाय, मग तुमी गेलाव कशाला?"

"भाऊ गेला होता, आनि पगार होता," आबा म्हणाले. "मोठं कारन न्हवतं पोरी. मोठी कारनं सायबांकडं. ती मला आत्ता कळली, ह्या माझ्या सुनेनं सांगितली." आणि त्यांनी सगळ्या वर्गासमोर माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडनं नीट शिकून घ्या. मला शिकायला म्हातारं व्हावं लागलं."

"आणि त्या एका महिन्यात समजवायला कुनीच गेला न्हाय?" मुलगी खाली बसायला तयार नव्हती. तो महिना मी आदल्या तासालाच शिकवला होता.

"गेले असतील. कुनी तरी असतोच. पन त्याचं ऐकायचं, तर आधी लढायची हौस नको."

मागून हेडमास्तर उठले.  ते पुढे आले, त्यांनी आबांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि घंटा होऊनही पुढचा तास होऊ दिला नाही. त्या दिवसापासून ती कोळ्यांची मुलगी वर्गात बिनधास्त बोलू लागली, तिच्याच भाषेत. मी तिला कधी अडवलं नाही.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "कागद घे. पत्र लिव." गावाला त्यांची पुतणी होती, त्या भावाची मुलगी. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता तीच पन्नाशी उलटलेली, नातवंडं असलेली. आबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. युवराजापासून सुरुवात, मग सर्बिया, रशिया, जर्मनी, मधला तो महिना, आणि शेवटी नदीकाठची वाळू. साडेचार पानं झाली. ऑस्ट्रिया कुठे ते कळावं म्हणून मी मागे लहानसा नकाशाही काढला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाकिटावर नाव आबांचं नव्हतं, माझं होतं. तिच्या नातवाने पेन्सिलीने लिहिलं होतं, "वहिनी, पत्र दोनदा वाचून घेतलं. शेजारणींना बोलावून तिसऱ्यांदा वाचायला लावलं. माझा बाप कशात गेला, असं कोणी विचारलं की मी उठून जायची. आता बसून सांगते."

आबांनी ते पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि बाहेर पडले. मी भाजीला म्हणून मागोमाग निघाले, तर नाक्यावरच्या गुजराती दुकानदारापुढे ते उभे होते आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगत होते, "हमारा बहू मास्तरीण हाय. दुनिया का लडाई कैसा लगा, उसको सब मालूम. तुमको पूछना हाय तो पूछो."

दुकानदार हसून म्हणाला, "बोलो बेन, कैसे लगा?"

मी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.