पावसानंतरच्या बरण्या

दत्ता खरात गेल्याचा फोन म्हसवडहून दुपारी आमच्या वर्तमानपत्राच्या सांगलीच्या कचेरीत आला. संध्याकाळच्या पानात मी चार ओळी लावल्या: समुद्रजीवांचे अभ्यासक, सरकारी संशोधन खात्यात नोकरी, मूळ गाव, मागे पत्नी. पाचवी ओळ माझ्याकडे होती. त्या दिवशी ती लिहिली नाही…

साताऱ्यात कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. मी कडेगावचा, तो माण तालुक्यातल्या, म्हसवडजवळच्या एका वाडीचा. त्याच्या वाडीतले पुरुष कामाला मुंबई गाठत. हा मुंबईहून पुढे समुद्रातच गेला. बोटीवरून तळाचा चिखल वर काढायचा, चाळणीत धुवायचा, त्यात जिवंत काय सापडतं ते नोंदवायचं, हे त्याचं काम. कोकणातले मच्छीमार त्याला ‘चिखलवाले साहेब’ म्हणत. त्याला पोहता येत नाही, हा त्यांच्या चेष्टेचा कायमचा विषय.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या किनाऱ्यासमोर तेलविहिरी खोदायचं घाटत होतं. परवानगी द्यायची की नाही, हे दत्ताच्या खात्याच्या अभ्यासावर ठरणार होतं. पहिली फेरी उन्हाळ्यात झाली. बातमीसाठी मीही तिथे गेलो होतो. जनू तांडेल या जाणत्या मच्छीमाराने अंगणात बसवून सांगितलं की उन्हाळ्यात तळ ओकाच दिसतो; नद्यांचं पाणी उतरलं की तिथे कोळंबी धरते, तेव्हा येऊन बघा. दत्ताला ते पटलं.

“पावसानंतर बघितल्याबिगर काय ठरणार न्हाई, तांडेल. शब्द देतो.”

“सबूद तुमचो की सरकारचो?” जनू हसत म्हणाला.

“माझा.”

मुंबईला परतताच त्याने दुसऱ्या फेरीसाठी काचेच्या बरण्या धुऊन ठेवल्या, प्रत्येकीवर रंगाने ‘पावसानंतर’ असं लिहिलं.

पाऊस संपला, बोट निघाली नाही. परवानगी मात्र निघाली. उन्हाळ्यातल्या चिखलावरून अहवालात निष्कर्ष होता: तळाशी जीवसृष्टी विरळ, मोठ्या हानीचा संभव नाही. वर दत्ताचं नाव होतं. तो सांगलीला आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला की नाव न विचारता घातलंय. मी तसं दोनदा छापलं. खात्याने इन्कार केला. मी मित्रावर विश्वास ठेवला. नंतर तो मुदतीआधीच निवृत्ती घेऊन म्हसवडला परतला. लोक त्याला अन्याय झालेला माणूस मानत. ते माझ्या लेखांमुळे.

गेल्या दिवाळीनंतर भेटायला गेलो, तेव्हा तो ओसरीवर उशीला टेकून बसला होता. आवाज पार खोल गेला होता. मी त्या अहवालाचा विषय काढलाही नव्हता.

“सही माझीच हाय,” तो म्हणाला. “सायेब म्हणलं, आदी हितं सही कर, पावसानंतर बोट देतो. मला बोट पायजे हुती.”

त्याची उशी घसरली होती, ती मी नीट केली.

“त्यांनी मला फशिवलं. मी तुला. जनूला कुणी फशिवलं, ते तूच लिव, गड्या…”

दहिवडीची एस.टी. आहे असं सांगून मी उठलो. गाडीला वेळ होता. त्यानंतर भेट झाली नाही.

दहाव्याला गेलो, तेव्हा त्या बरण्या वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर दिसल्या. एकीत मटकी, एकीत हुलगे, एकीत सुक्या मिरच्या. वहिनी म्हणाल्या, “लय घासलं भावजी, पर ह्यो रंग काय निघत न्हाई.” मी एक मागितली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. हुलगे डब्यात ओतले आणि बरणी पदराने पुसून दिली.

ती आता माझ्या टेबलावर आहे, रिकामी. जनू तांडेल अजून त्याच घरात राहतो. त्याच्याकडे जायचं आहे, ही बरणी घेऊन. शब्द दिला तेव्हा त्या अंगणात तिघे होतो. आता दोघे उरलो आहोत, आणि त्यातल्या एकालाच खरं ठाऊक आहे.