हुतूतूचा मे महिना

खेळातलं मला काही कळत नाही. कोण बाद झालं, कोण उठलं, हे मी अजूनही शेजारच्याला विचारते. तरी साठ सालाच्या आसपासच्या एका मे महिन्यात मालवणपासून आचऱ्यापर्यंतचा हुतूतूचा एकही सामना मी चुकवला नाही. "मास्तरणीक खेळाचा खूळ लागला," असं लोक म्हणायचे. खूळ कसलं, भीती होती ती.

सुरुवात सायकलवरून झाली. शेजारच्या गावच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि जूनपासून रोज तेवढं चालायचं म्हणजे पायांचे तुकडे पडले असते. मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला माझा थोरला भाऊ म्हणाला, "सायकल शिक." मळ्यात त्यानं मला सीटवर बसवलं आणि कॅरिअर धरून मागे धावू लागला. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांच्यावर डाफरायला मी मान वळवली आणि आडवी झाले. उठून पाहते तर दादा माझ्याकडे यायचं सोडून बांधावर बसलेला. छातीवर हात, ओठ पांढरे. एवढंसं धावून?

"गिरणीच्या डॉक्टरान सांगितल्यान, छातीत डाग आसा," तो म्हणाला. "औषध घेतंय मी. धावपळ करू नको म्हणता डॉक्टर. कोणाक सांगा नको हां. आवशीक तर नकोच."

आईलासुद्धा का सांगायचं नाही, ते मी विचारलं नाही. दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलं होतं. क्षय म्हटला की मुलीकडचे अंगणातूनच परत फिरत आणि त्या घरचं पाणी प्यायला शेजारीही कां-कूं करत.

पण मुंबईकर मे महिन्यात गावी आला आणि हुतूतू खेळला नाही, असं होत नसे. त्यात दादाची चढाई म्हणजे गावाचा अभिमान. तो नाही म्हणाला असता तर चार जणांनी कारण विचारलं असतं आणि पाचव्यानं ते शोधून काढलं असतं. म्हणून तो खेळला. एका दमात हुतूतूतू करत समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं आणि दम तुटायच्या आत परत यायचं, नेमका हाच खेळ त्याच्या नशिबी! सामन्याला जाताना सायकल तो चालवायचा, मी मागे. चढ आला की मी उडी मारून उतरायची आणि त्यालाही उतरवायची. तिथे पोचल्यावर डोळे मिटून नुसता त्याचा आवाज ऐकायची. आवाज बारीक झाला की डोळे उघडून त्याला शोधायची. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा त्यांचे हात धरावेसे वाटायचे, कारण टाळ्यांत तो ऐकू येईनासा व्हायचा.

शेवटचा सामना आचऱ्याच्या बाजूला होता. आदल्या दिवशी सगळे खेळाडू कौल घ्यायला देवळात जमले. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी आधी पडली तर देवाचा होकार धरायचा. मी गुरवाला आधीच गाठून म्हटलं होतं, "काका, माझ्या भावान खेळाचा काय नाय, ता इचारा." कारण काही सांगता येईना. त्यानं मान डोलावली आणि गाऱ्हाणं घातलं ते मात्र नेहमीचंच. "बा देवा म्हाराजा, ह्यो मुंबयसून इल्लो झील गावासाठी खेळता, तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. जन्माच्या सवयीनं मीही ओरडले. विचारायचं राहिलं बाजूलाच, आम्ही यश मागून मोकळे झालो. उजवी पाकळी टपकन पडली.

"बघ गो, देवच म्हणता," दादा हसला. मला देवाचा इतका राग आला की नमस्कार न करताच मी बाहेर पडले. आता त्याला अडवणं म्हणजे कौल मोडणं, आणि ते गावात कुणी ऐकून घेतलं नसतं.

सामन्यात अखेरची चढाई त्याच्यावरच आली. आवाज आधी खणखणीत होता, मग चिरकला, मग समोरच्या सगळ्यांनी मिळून त्याला खाली घातलं. त्या ढिगाखालून हुतूतू येतच राहिलं. त्याचा हात मधल्या रेषेला लागला आणि आमच्या गावानं मैदान डोक्यावर घेतलं. अंगावरची माणसं उठली तसा दादा गुडघ्यांवर बसला, मातीत थुंकला आणि चटकन हातानं वर माती ओढली. मी जवळच होते. मला रक्त दिसलं.

लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचले. सगळे ओरडत होते, तो एकटा तोंड घट्ट मिटून होता.

परत निघताना म्हणाला, "तू चालव." माझी सायकल अजून नागमोडी जायची. एरवी त्यानं चेष्टा करून मला रडवलं असतं. त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "माका भिया वाटता गो."

अख्खा महिना मी भ्यायचं आणि त्यानं हसायचं, अशी आमची वाटणी होती. त्याच्या हसण्याच्या भरवशावर मी भीत होते, हे मला तेव्हा कळलं. पण मागे तो बसलेला होता, मला पडून चालणार नव्हतं.

फाट्यावर मी घराकडे वळले नाही, मालवणचा रस्ता धरला. तिथल्या दवाखान्यात कुणी ना कुणी ओळखीचं बसलेलं असणारच होतं आणि दिवेलागणीच्या आत ही गोष्ट गावात पोचणार होती. आईला कळणार होतं, मुलीकडच्यांनाही.

"घर थंय रवला," तो म्हणाला.

"माका म्हायत आसा."

माझा पदर चाकात जाऊ नये म्हणून त्यानं तो तेवढा हातात धरून ठेवला.