दिव्याची हाक

माझ्या बायकोला, सुमनला, ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून तिला बोलवायला मी स्वयंपाकघरातला दिवा चालू-बंद करायचो. यंदा शस्त्रक्रिया करून तिच्या कानात यंत्र बसवलं. सुरुवातीला माझा आवाज तिला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटे. तरी रोज ती, माझे ओठ दिसू नयेत म्हणून, माझ्याकडे पाठ करून बसते. मी एकेक शब्द बोलतो, ती ओळखते. चुकली की म्हणते, "पुन्हा." आपल्याला ऐकणं आयतं मिळालेलं असतं, ही बाई ते शब्दाशब्दाने कमावते आहे.

आज ती कणीक मळत होती. सवयीने मी दिव्याचं बटण दाबलं.

"दिवा कशाला?" मागे न बघताच ती म्हणाली. "नावाने हाक मारा की."

किती वर्षांत ते नाव मी घरात मोठ्याने घेतलंच नव्हतं.

"सुमन."

तिचे पिठाचे हात परातीत थांबले.

"पुन्हा," ती म्हणाली.