दाराला लावलेली काटी

विकास मोजायचा फॉर्म मुंबईत तयार झाला होता, तोही राजधानीच्या आसपासच्या पट्ट्यासाठी. तिथं जमला म्हणून तोच सोलापूरला आला. त्यात घरासाठी दोनच चौकटी होत्या: 'वास्तव्य आहे' आणि 'बंद'. मी सर्वेक्षक. डोकं चालवा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता चालवायची मला सवय नाही.

पौषात सांगोल्याकडच्या एका मेंढपाळ वस्तीवर गेलो. अकरा घरं, माणूस एकही नाही. दारांना कुलपं नव्हती, नुसती बाभळीची काटेरी फांदी आडवी लावलेली. मी अकराही घरांपुढं 'बंद' लिहिलं, वर 'वस्ती ओसाड' असा शेरा ठोकला आणि जेवायच्या वेळेला गावात पोचलो.

नळाच्या पाण्याची यादी त्याच फॉर्मांवरून निघाली. पाइप वस्तीला वळसा घालून पुढच्या गावात गेला.

पाऊस तोंडावर आल्यावर मेंढरं परतली. त्या वस्तीवरची एक बाई थेट आमच्या कार्यालयात आली. अर्धा कोस चालून पाणी आणणारी. मी तिला फॉर्म वाचून दाखवला.

"ओसाड? सायेब, दाराला काटी हुती की!"

"म्हणून तर..."

"मेंढरामागं गेलो, माघारी येणार, म्हणून काटी लावतो आमी. सोडलेल्या घराला कशाला कोण काटी लावंल?"

मला लाज वाटली. फेरसर्वेक्षण पुढच्या थंडीत होईल, तेवढं सांगितलं.

"म्हंजी मोजायला कुणीतरी हितं बसाय पायजे. व्हय ना?"

त्या थंडीत मेंढरं गेली, ती बाई एकटी मागं राहिली. मी महिनाभर उशिरा पोचलो. कधी येणार हे तिला कुणी कळवलं नव्हतं, मीही नाही. अकराही दारं सताड उघडी होती, अंगणं सारवलेली. एकेका दारात उभी राहून ती आतल्या माणसांची नावं सांगत गेली. मी अकरा वेळा 'वास्तव्य आहे' वर खूण केली. वस्ती यादीत आली.

निघताना तिनं तांब्याभर पाणी दिलं. ते कुठून आणलेलं, हे मला माहीत होतं. मी ते सगळं प्यालो.

जीप वळली तेव्हा मागं पाहिलं. तिनं काट्या बाहेर काढल्या होत्या आणि एकेका दाराला परत लावत होती. दहा दारांना लावल्या. अकराव्या दारात ती स्वतः बसली.