कोऱ्या पानाचा खप

आमच्या गल्लीतल्या गुरुसिद्धप्पांना, म्हणजे आप्पांना, पोलिसांनी उचललं, ही बातमी मी पसरवलेली नाही. मी फक्त चार घरी सांगितली. दुपारी कळलं, आप्पा संगप्पाच्या छापखान्यात बसून 'पाणीवार'चे अंक दुमडतायत. मागणी एवढी की माणसं पुरेनात. खात्री करायला मी तिकडं गेलो.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर आप्पांनी हे मासिक काढलं. कुठल्या पेठेला नळ कधी, टाकी कुठं गळते, असला मजकूर. खप तीनशे. मग सहा महिने ते सायकलवरून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या मागं हिंडले आणि आमच्या गल्लीचं पाणी आधी एका बड्या मंगल कार्यालयाकडं कसं वळतं, ते तारीखवार लिहून काढलं. तेवढ्यात वरून फर्मान आलं: पाण्याबद्दलचं काहीही छापण्याआधी पालिकेतल्या साहेबांना दाखवायचं. साहेबांनी त्या पानावर तांबडी रेघ ओढली. संगप्पा सरकारी फॉर्म छापतो, तो घाबरला. आप्पांनी रागानं ते पान कोरंच सोडलं; काय कापलं म्हणून लोक तरी विचारतील, ही आशा.

कुणीही विचारलं नाही. गल्लीतल्या केराबाईंनी त्या पानावर नळ आल्याच्या तारखा लिहिल्या आणि अंक दोऱ्यानं नळाशेजारी टांगला. ते बघून गल्लीच्या गल्ल्या अंक मागू लागल्या. खप चौदाशे.

"त्या पानावरचं काय काढलंय, म्हाईत हाय का?" आप्पांनी केराबाईंना विचारलं.

"काढलं ते बरंच झालं की. आधीच्या अंकात लिवायला जागाच नव्हती."

त्या दिवशी आप्पा दोन्ही वेळा उपाशी राहिले, असं मी म्हणतो. त्यांच्या पत्नी महादेवीवहिनी म्हणतात, एकच वेळ.

दुसऱ्या महिन्यात तोच लेख पुन्हा पाठवला. पुन्हा रेघ. वर साहेबांचं पत्र: खप वाढल्याबद्दल अभिनंदन, मासिक आता फार विधायक झालं आहे. त्या दुपारी छापखान्यात मी पोचलो तेव्हा आप्पा तेच पत्र चौथ्यांदा वाचत होते.

संगप्पा म्हणाला, "आप्पा, पुढच्या बारीला चार पानं कोरी ठिवू या. लई उठाव हाय."

"सहा ठेवा," मी म्हणालो. गप्प बसणं मला जमत नाही.

आप्पांनी दुमडलेला अंक खाली ठेवला. "मग संपादक कशाला पाळता? शाळेच्या वह्या छापा की. साहेबांना तपासायला सोप्या जातील."