घरी काय सांगून निघालात?

पगाराची गोष्ट निघाली की आबा आधी उमेदवाराची फाइल मिटायचे, चष्मा काढून तिच्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. घरी काय सांगून निघालात?"

चाकणच्या एखाद्या कारखान्यात तुम्हीही कधी मुलाखतीला बसला असाल. त्या खुर्चीत माणूस घरचं सोडून बाकी सगळं बोलायच्या तयारीनं बसतो. मीही बसलो होतो. निगडीहून निघताना मित्रानं कानमंत्र दिला होता, "आकडा आपण आधी बोलायचा नाही, भावा. जो आधी बोलला तो मेला." त्यामुळे "अपेक्षा काय?" यावर मी नुसता गूढ हसलो. समोर भरतीचे साहेब म्हणून बसलेले आबाही हसले. चहा आला. दोघांनी तो मुकाट्यानं संपवला. शेवटी मलाच ती शांतता सोसेना. म्हणालो, "कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या."

"नियम ठाऊक हाय तुम्हाला? मग मला बी सांगा. कारखाना निघाल्यापासून मी शोधतोय."

मग फाइल मिटली, चष्मा तिच्यावर आला आणि तो प्रश्न. माझ्या तोंडून निसटलंच, "अठ्ठावीस हजार."

मागणार होतो बत्तीस. पण बायकोला अठ्ठावीसच सांगितलं होतं, कारण वरचे चार हजार दरमहा गुपचूप बाजूला टाकून मला मोटारसायकल घ्यायची होती. मिळाले अठ्ठावीस. मोटारसायकल अजून शोरूममध्ये आहे.

पुढे ओळख वाढल्यावर हे मी आबांना सांगितलं, तेव्हा ते डोळे पुसेपर्यंत हसले. "बायकोला फसवायला गेलात आन् स्वतःला फसवून आलात, राव!" बहुधा एवढ्याच पात्रतेवर त्यांनी मला लाइनवरून बोलावून मुलाखती घ्यायला शेजारी बसवायला सुरुवात केली.

आधी मला वाटायचं, हा प्रश्न म्हणजे सापळा. माणसाचा खरा आकडा काढायचा आणि तेवढ्यावर भागवायचं. सापळा तो होताच, माझा पाय त्यात गेलेला होता. पण तो आकडा घेऊन आबा वर मालकाकडे जायचे आणि भांडायचे, हे शेजारी बसल्यावर कळलं. "घरी सांगितलेल्या आकड्यात खोलीचं भाडं असतं, पोराची फी असती. त्याच्या खाली माणूस घरी धाडायचा न्हाई." एखाद्यानं घरी फारच मोठं काही सांगितलेलं असलं, तर त्याला तोंडावर सांगायचे, "एवढं हितं न्हाई मिळायचं," आणि पलीकडच्या कारखान्यात स्वतः फोन लावायचे.

त्यांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. घरची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा बदल्यात ही नोकरी मिळाली, आणि 'सोमवारपासून या' एवढंच सांगितलं गेलं. घरी काय सांगावं हे कळेना म्हणून ते तेवढंच सांगून मोकळे झाले होते.

निवृत्ती जवळ आली तेव्हा कारखाना नव्या मालकांकडे गेला. त्यांचे एक तरुण साहेब पुण्याहून येऊ लागले. त्यांचा नियम सोपा होता, जुनी पगाराची स्लिप बघा आणि तिच्यावर दहा टक्के द्या. आबांना मात्र त्यांनी कबूल केलं, "तुम्हाला दोन वर्षं मुदतवाढ." आबांनी त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं आणि लेकाच्या लग्नासाठी गच्चीवर खोलीचं काम काढलं.

"लेखी घेतलंत का?" मी विचारलं.

"शब्द दिलाय की त्यांनी."

जन्मभर लोकांच्या हातात नेमणुकीची पत्रं ठेवणारा माणूस हे बोलत होता.

मग देहूरोडच्या एक बाई आल्या. क्वालिटीच्या कामाला. सासूच्या आजारपणात काही वर्षं घरी होत्या. जुनी स्लिप त्याच्याही आधीची, बघवत नव्हती. तरुण साहेब समोरच होते. "दहा टक्के," ते म्हणाले. "रूल सगळ्यांना सेम."

आबांनी फाइल मिटली. "घरी काय सांगून निघालात, ताई?"

बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "काहीच नाही, सर. मुलाखतीला आलेय हेसुद्धा नाही. नाही झालं तर उगाच बोलणी."

आबा चष्म्याशी चाळा करू लागले तसं मी ओळखलं, आता हा माणूस मुदतवाढ घालवणार. इशारा द्यायला मी टेबलाखालून लाथ मारली. ती टेबलाच्या लोखंडी पायाला बसली. माझे डोळे भरून आले. बाईंना वाटलं असेल, साहेब किती हळवे!

"मग आज घरी जाऊन सांगा," आबा म्हणाले आणि त्यांनी आकडा सांगितला. त्याच कामाला शेजारच्या लाइनवरच्या पुरुषांना मिळत होता तेवढाच.

"नक्की ना, सर?"

"सांगून टाका."

उमेदवारासमोर बोललेला आकडा मागे घेता येत नाही, हे तरुण साहेबांनाही कळत होतं. ते नुसते हसले. त्या हसण्यानं माझा अंगठा जास्तच ठणकू लागला.

बाई रुजू झाल्या त्या पेढे घेऊनच. "सांगितलं घरी," एवढंच आबांना म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या विभागाचा एक अख्खा लॉट नापास केला.

शेवटच्या दिवशी आबांना शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणंही झाली. मुदतवाढीचं कुणी बोललं नाही. आबांनीही विचारलं नाही.

मी त्यांना स्कूटरवरून गावात सोडायला गेलो. दारात वाळूचा ढीग होता, वर गच्चीवर अर्ध्या भिंती उभ्या होत्या. आबा उतरले, पण फाटक काही उघडेनात. त्यांना हसवावं म्हणून मी, नको तिथे जीभ चालवायची जुनी खोड, विचारलं, "आबा, घरी काय सांगून निघाला होतात?"

"दोन वर्षं," ते म्हणाले.

तेवढ्यात गच्चीवरून काकूंचा आवाज आला. "आलात व्हय? गवंडी खोळंबलाय. खिडकी कुठल्या अंगाला काढायची इचारतोय."

आबांनी नारळ माझ्या हातात दिला. चष्मा काढला. तो ठेवायला समोर फाइल नव्हती, म्हणून तसाच मुठीत धरला.

"थांबा जरा, राव," ते हळूच म्हणाले. "काय सांगायचं ते ठरवू द्या."

मी स्कूटर बंद केली.